सरकार आल्या

आमच्या घरातल्या चपलांच्या कपाटात चपला राहत नाहीत. तिथे डबा राहतो. डबा म्हणजे यांचा सर्व्हर. निवृत्त झाल्यावर यांनी त्या कपाटाची मागची फळी कापली, हवा खेळायला बाजूने भोकं पाडली आणि आत ते काळं खोकं बसवलं. डबा आत, चपला दाराबाहेर. मी म्हटलं, "अहो, पाहुण्यांनी काय चपला उशाशी घेऊन झोपायचं?" तर म्हणाले, "पाहुणे येतात कुठे? आणि आले तरी तुझ्या तोंडापुढे टिकतात कुठे?" आमचं हे असंच चालायचं. मीही काही कमी नव्हते.

घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, माझ्या गिऱ्हाइकांची मापं, सगळं त्या डब्यात. "आपलं सामान दुसऱ्याच्या घरात ठेवायचं नाही," हे यांचं म्हणणं. जन्मभर एका मोठ्या छापखान्याचे कॉम्प्युटर सांभाळले, त्यामुळे कुणावर विश्वास नाही. आणि नियम तर इतके, की विचारू नका. छापखान्यात कुणी नोकरी सोडली, कुणी वारलं, की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं, हा त्यातला सगळ्यात कडक. एकदा एका वारलेल्या माणसाच्या नावाने कुणीतरी आत शिरून घोळ घातला होता म्हणे. "गेलेल्या माणसाचं दार उघडं ठेवलं की चोर शिरतात," असं हे ठासून सांगायचे. जेवताना सांगायचे, बाजारात जाताना सांगायचे. माझे कान किटले होते.

मी शिवणकाम करते. खरं म्हणजे उसवणकाम. हॉटेलांचे, दवाखान्यांचे गणवेश माझ्याकडे येतात. हे सैल कर, ते घट्ट कर, पँट आखूड कर. कात्री लावण्याआधी प्रत्येक कपड्याचा फोटो काढायचा हा माझा शिरस्ता, कारण "हा डाग तुमच्याकडेच पडला" म्हणायला लोक मागेपुढे पाहत नाहीत. फोटो काढला की तो आपोआप डब्यात जायचा. आणि डब्यात पोचला की डब्याला जोडलेल्या यांच्या काळ्या पडद्यावर एक ओळ उमटायची. ओळीत नाव. माझ्या फोनला यांनी नाव दिलं होतं ‘सरकार’. मुलीचा फोन ‘चिमणी’. ती लांब राहते, विमानाने जावं लागतं इतकी लांब. धाकट्या मुलाचा फोन ‘उचापती’, कारण तो लहानपणी तसाच होता, आणि आताही आहे.

सकाळी चहा झाला की हे माझं शिवणाचं स्टूल ओढून कपाटासमोर बसायचे आणि हजेरी घ्यायचे. हजेरी हा यांचाच शब्द. "चिमणी आली. उचापती अजून झोपलाय वाटतं." मग मी पलीकडच्या खोलीत एखाद्या कोटाचा फोटो काढला की आवाज यायचा, "सरकार आल्या!"

"आलेय कुठे, इथेच तर मरतेय!" मी मशीनवरून ओरडायचे.

मग यांचं आजारपण सुरू झालं. आधी चाव्या विसरले, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला आणि हळू आवाजात बोलल्या, तेव्हाच मी ओळखलं. हळू बोलणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

एक दिवस मी चहा हातात दिला, तर यांनी कप घेतला आणि म्हणाले, "आभारी आहे, बाई."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी म्हटलं, "पुरे झाला नाटकीपणा." तर हे अवघडले, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करा, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय." आयुष्यभर ‘अगं’ म्हणणारा माणूस ‘तुम्ही’ म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. नळ सोडला की रडणं बाहेर ऐकू जात नाही, हे घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही.

पण डबा यांना येत होता. सगळं पुसलं गेलं तरी बोटांना कमांड आठवत होत्या. त्या काळ्या पडद्यावर खडखडखड टाइप करायचे, ओळी यायच्या, मान हलवायचे, पुन्हा टाइप करायचे. आणि मी मुद्दाम, काम नसलं तरी, एखाद्या चिंधीचा फोटो काढायचे. पडद्यावर ओळ उमटायची. यांचा चेहरा उजळायचा. शेजारी उभ्या असलेल्या मला, म्हणजे त्या अनोळखी बाईला, हे कौतुकाने सांगायचे, "सरकार आल्या. आमच्या सौ. बघा, लागल्या कामाला."

मी म्हणायचे, "वा!"

दुसरं काय म्हणणार? साऱ्या जगात तेवढ्या एका ओळीत मी अजून यांची बायको होते.

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस मुलीचा फोन आला. रडतच बोलत होती. तिच्या बाळाचे सगळे फोटो डब्यातून गायब. पहिली आंघोळ, पहिलं पाऊल, काहीच नाही. धाकट्याने येऊन तपासलं. कुणी बाहेरचा चोर नव्हता. यांनीच पुसले होते. मी विचारलं, "अहो, असं का केलंत?" तर शांतपणे म्हणाले, "अनोळखी मूल होतं. आपल्या घरात असं मूल नाही. साफ केलं."

नातवाला उडवून लावलं आणि वर नीटनेटकेपणाचा आव! मला राग येत होता आणि माया येत होती, दोन्ही एकदम. धाकट्याने एक प्रत स्वतःच्या घरी ठेवली होती म्हणून वाचलो. फोटो परत आले. पण त्याने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"आई, आता हे थांबवायला हवं. बाबांना डब्यात सगळे अधिकार आहेत. एक चुकीची ओळ, आणि सगळं साफ. शिवाय ही ऑपरेटिंग सिस्टिम म्हातारी झालीय. तिची डागडुजी करणाऱ्यांनीच हात वर केलेत. उद्या कुणीही आत घुसेल. मी सगळं दुसऱ्या सिस्टिमवर हलवतो. सोपी आहे, बटणं दाबायची, तुलाही जमेल."

"आणि यांच्या कमांड?"

तो म्हणाला, "त्या तिथे चालत नाहीत. तिची भाषाच वेगळी आहे."

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, हलवा, काही विचार करू नका, बाबांना काय कळतंय. लांबून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! मी तिला म्हटलं, "तुझे बाबा दिवसभर त्या पडद्यासमोर बसतात म्हणून मी चार कपडे शिवते. पडदा काढून घेतला तर ते रस्त्यावर जातील. मग शोधायला तू येशील?" ती म्हणाली, "आई, पण माझं बाळ पुसलं गं त्यांनी."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. डबा हलवला तर हे संपले. नाही हलवला तर मुलांचं सगळं जायची भीती. असे निर्णय घ्यायला घरात एकच माणूस हुशार होता, आणि तो मला बाई म्हणत होता.

धाकटा म्हणाला, आधी चाचणी घेऊन बघू. रविवारी सकाळी तो एक जुना लॅपटॉप घेऊन आला. त्यावर नवी सिस्टिम घातलेली. पडदा मुद्दाम काळा ठेवलेला, अक्षरं तशीच पांढरी. यांना स्टुलावर बसवलं. यांनी बाह्या सरसावल्या, बोटं मोडली आणि रोजची पहिली कमांड टाइप केली.

अशी कमांड सापडत नाही, असं उत्तर आलं.

यांनी पुन्हा टाइप केली. एकेक अक्षर बघून. तेच उत्तर. मग दुसरी. मग तिसरी. कपाळावर घाम आला. धाकटा म्हणाला, "बाबा, इथे जरा वेगळं लिहायचं असतं, हे बघा," पण यांना ते ऐकूच गेलं नाही. यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, तळवे वर करून, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं तुमचं," मी म्हटलं आणि त्या लॅपटॉपचं झाकण फाटकन मिटलं. "ऊठ रे. घेऊन जा हे इथून."

धाकट्याचेही डोळे भरले होते. मुलगा वाईट नाही माझा. नुसता घाईचा आहे.

मग तोडगा मी काढला. आणि तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! मुलं लहान असताना मी बेतायला बसले की मध्ये मध्ये करायची. मग मी त्यांना एक चिंधी आणि बोथट कात्री द्यायचे. ती चिंधी कापत बसायची, मी कापड कापायचे. दोघंही खूश. मी धाकट्याला म्हटलं, "तू नवीन खोकं आण, नवी सिस्टिम घाल, ते माझ्या मशीनखाली ठेव. सगळ्यांचे फोन त्याला जोड. आणि जुना डबा आहे तिथे राहू दे. त्याची नेटची वायर तेवढी काढ. यांना काय हवं ते टाइप करू देत, पुसू देत, कुणाचं काय बिघडतंय?"

धाकटा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आई, तू आमच्या ऑफिसात हवी होतीस." मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसात चहा बरा मिळत नाही."

त्याच आठवड्यात त्याने सगळं हलवलं. मुलीच्या बाळाचे फोटो सुखरूप. माझ्या गिऱ्हाइकांची मापं सुखरूप. आणि चपलांच्या कपाटासमोर हे आपले खडखडखड. एकही कमांड अडली नाही. हे मान हलवत होते. माझ्या जिवात जीव आला. मुलीला फोन करून मी सांगितलं, "बघ, साप मेला आणि काठीही शाबूत."

आम्ही तिघांनीही बोटांचा विचार केला होता. हजेरीचा कुणी केलाच नाही.

मला कळायला उशीर लागला. गणवेशांची मोठी खेप आली होती, मान वर करायला फुरसत नव्हती. ‘सरकार आल्या’ ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सवयीचा आवाज थांबला की शांतता बरीच वाटते. फोटो मी काढतच होते. ते माझ्या पायाशी, नव्या खोक्यात, गुपचूप जाऊन पडत होते.

यांच्यात बदल होत होता. खडखड कमी झाली. नुसतेच पडद्याकडे बघत बसायचे. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "तुम्ही कशाला त्रास घेता?" ताट अर्धं टाकायचे. मी म्हटलं, आजार वाढला. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या, आणि पुन्हा हळू बोलल्या.

मग त्या दिवशी मी झोपायच्या खोलीत गेले तर हे तिथल्या कपाटातले माझे कपडे काढून घड्या घालत होते. एकावर एक, कडेला कड लावून. मला म्हणाले, "बाई, तुमच्या ओळखीत कुणा गरजू बाईला लागतील का? चांगले आहेत. तिने स्वतः शिवलेत."

"कुणी?"

"आमच्या सौभाग्यवतींनी." यांनी माझ्या निळ्या साडीवरून हात फिरवला. "वारल्या त्या. मी रोज तपासत होतो. आधी वाटलं, फोन बिघडला असेल. मग चिमणीही येईना. पोरगाही येईना. तिघं एकदम कशी गेली, ते मला कुणी सांगत नाही. बहुतेक सांगितलं असेल, माझ्या लक्षात राहत नाही. पण डबा खोटं बोलत नाही. कुणीच उरलं नाही हो आमच्यात."

मी पलंगाची कड धरली. इतके दिवस हा माणूस एकटा बसून आम्हा सगळ्यांचं सुतक पाळत होता आणि मी पलीकडच्या खोलीत बटणं लावत होते!

"अहो, मी आहे," मी ओरडले. "ही काय, मी! बघा माझ्याकडे! जिवंत आहे मी!"

यांनी बघितलं. नीट बघितलं. मग साडी खाली ठेवून माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि म्हणाले, "रडू नका. तुम्ही फार भल्या आहात."

मी धाकट्याला फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. शिव्या नक्की दिल्या. तो ऑफिस टाकून धावत आला. दारातच मी म्हटलं, "वायर जोड. आधी माझा फोन जोड, मग बाकीचं. नवा डबा मसणात जाऊ दे." तो जमिनीवर बसला, कपाटाच्या मागे हात घालून वायर खोचली. माझा फोन घेऊन बराच वेळ काहीतरी करत राहिला. हे स्टुलावर बसून त्याच्याकडे सौम्यपणे बघत होते.

"नवीन लागलास का?" यांनी विचारलं.

"हो," धाकटा म्हणाला. मग त्याने फोन माझ्या हातात दिला. "काढ, आई."

समोर टेबलावर एक अर्धी उसवलेली पँट पडली होती. मी तिचा फोटो काढला. देवा, म्हटलं, एवढं एकदा.

काळ्या पडद्यावर ओळ उमटली. सरकार.

हे पुढे वाकले. मी वाट बघत होते. आता म्हणतील. आता चेहरा उजळेल. यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग हे हळूच वळले आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. फोनकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोनकडे. यांच्या डोळ्यांत इतका कडकपणा मी कधी पाहिला नव्हता.

"हा तिचा फोन आहे," हे म्हणाले. "तुमच्याकडे कसा आला?"

"बाबा," धाकटा म्हणाला, "बाबा, ही आई आहे. हिचाच फोन आहे तो."

यांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पडद्याकडे वळले, बाह्या सरसावल्या आणि टाइप करायला लागले. खडखडखड. एकदाही अडखळले नाहीत. एकदाही मागे जाऊन अक्षर खोडलं नाही. निरोगी असताना जसे काम करायचे तसे, पाठ ताठ करून. धाकटा पडद्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्याला ते वाचता येत होतं. मला येत नव्हतं.

"थांबव ना त्यांना," मी म्हटलं.

त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण ओढून काढायचं त्याच्याने झालं नाही. कोणत्या मुलाच्याने झालं असतं? हे बापाचं काम होतं, आणि ते बाप चोख करत होता.

शेवटचं बटण दाबून हे थांबले. माझ्या फोनवर लाल अक्षरं आली. असं खातं नाही.

"लक्षात ठेव," हे धाकट्याला म्हणाले, नव्या माणसाला शिकवावं तसं. "माणूस गेलं की त्याच दिवशी बंद करायचं. आपलं माणूस असलं तरी. मीच टाळत राहिलो. जीव होत नव्हता."

आणि मग रडले. मोठ्याने, तोंड न झाकता, लहान मुलासारखे. आमच्या सगळ्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. यांची आई गेली तेव्हाही नाही.

धाकटा म्हणाला, "आई, मी पुन्हा उघडतो खातं. दोन मिनिटांचं काम आहे." मी नकाराची मान हलवली. उघडून काय करायचं होतं? पुन्हा ओळ उमटली असती, पुन्हा यांना चोर दिसला असता, पुन्हा यांनी मला पुरलं असतं. एकदा पुरे झालं. तो कपाटाला पाठ टेकून तिथेच जमिनीवर बसून राहिला.

मी फोन पदरात लपवला. पाणी आणलं. यांनी ग्लास घेतला, दोन घोट प्यायले आणि बाजूला सरकून मला स्टुलाच्या कडेला जागा करून दिली. राग गेला होता. कशाचा राग होता, तेही गेलं असणार.

"बसा, बाई," हे म्हणाले. "तुम्ही तिला ओळखत होतात का?"

"थोडंफार."

"फार फटकळ होती. तोंडाला कुलूप म्हणून नाही." यांनी डोळे पुसले. "मी इथून हाक मारायचो आणि ती तिथून ओरडायची. तेवढ्यासाठी मी हा डबा ठेवला होता. नाहीतर फोटो काय, कुठेही राहतात. पण तिला हे कधी सांगितलं नाही. तिला माहीत असेल का हो?"

टेबलावर अर्धी उसवलेली पँट तशीच पडली होती. डब्यातल्या पंख्याचा आवाज कपाटाच्या भोकांतून येत होता.

"असेल," मी म्हटलं. "सांगा ना तिच्याबद्दल. मला वेळ आहे."